फुलांच्या चौकोनाचा क्रोशा-संच: दोरा बरा, कागद अपुरा

गेल्या आषाढात मी फुलांच्या ग्रॅनी स्क्वेअरचा (मधून सुरू करून फेऱ्याफेऱ्यांनी विणलेल्या चौकोनाचा) एक क्रोशा-संच ऑनलाइन मागवला. किंमत ८४९ रुपये होती आणि कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरी चौथ्या दिवशी पार्सल आले. मधोमध फूल, त्याभोवती हिरवी फेरी आणि कडेला मोतिया रंगाची चौकट, अशा बारा चौकोनांचा टीपॉयवरचा रुमाल वेष्टनावर छापलेला होता आणि त्याखाली ‘नवशिक्यांसाठी संपूर्ण साहित्य’ असे आश्वासन होते. हा संच मी पूर्ण विणला, बराचसा उसवला आणि पुन्हा विणला, त्यामुळे त्याच्याबद्दल दोन शब्द लिहिण्याइतका अधिकार आता मला आला आहे असे समजते. विक्रेत्याचे नाव मात्र मुद्दाम लिहीत नाही, कारण एका खरेदीवरून कोणावर कायमचा शिक्का मारणे मला बरे वाटत नाही.

पाकिटात २५ ग्रॅमच्या चार गुंड्या (लाल, गुलाबी, जांभळी आणि पिवळी), ५० ग्रॅमची एक हिरवी, १०० ग्रॅमची एक मोतिया, ४ मिलिमीटरची क्रोशाची सुई, मोठ्या नेढ्याची एक बोथट सुई, टाक्यात अडकवून ठेवण्याच्या प्लास्टिकच्या चार पिना आणि चार पानी छापील कागद एवढा ऐवज निघाला. कागद इंग्रजीत आहे. त्यावर एक चौकटीचा कोड छापलेला असून तो फोनवर उघडला की हिंदीतली चित्रफीत दिसते.

सुईबद्दल तक्रार नाही. ॲल्युमिनियमची असून मधे बोटाला मऊ लागणारी रबरी मूठ आहे, आणि आकडीचा खाचा पुरेसा खोल असल्यामुळे दोरा निसटत नाही. आपल्याकडे जुन्या घरांतून बिस्किटांच्या डब्यात ठेवलेल्या पोलादी सुया असतात, त्या बारीक दोऱ्याच्या लेससाठी केलेल्या असतात आणि त्यांचा क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक असते, हा उलटा हिशेब ज्यांना ठाऊक नाही त्यांनी ती सुई या जाड दोऱ्याला लावून पाहू नये. या संचातली सुई मिलिमीटरमध्ये सांगितली आहे, म्हणजे गोंधळाला जागा नाही.

दोरा सुती आणि ॲक्रिलिकच्या मिश्रणाचा, हाताला मऊ, पण सैल पिळाचा आहे. त्यामुळे सुई टाक्यात घालताना कधी कधी दोऱ्याचे पदर सुटतात आणि चारपैकी तीनच पदर आकडीत येतात. असा अर्धवट टाका लगेच दिसत नाही. दोन फेऱ्या पुढे गेल्यावर पाकळीच्या बुडाशी एक बारीक फास लोंबताना दिसतो आणि मग उसवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. हात बसलेल्या माणसाला हा त्रास किरकोळ आहे, परंतु वेष्टनावर ‘नवशिक्यांसाठी’ असे लिहिणाऱ्याने थोडा घट्ट पिळाचा दोरा द्यायला हवा होता.

खरा प्रश्न कागदाचा आहे, आणि तो माझ्या लक्षात आला तो केवळ आत्तीमुळे. माझी आत्ती शिवाजी पेठेत राहते, वय चौऱ्याहत्तर, आणि तिने तरुणपणी इंग्लंडमध्ये छापलेल्या नमुन्यांच्या पुस्तकांवरून टेबलक्लॉथ, तोरणे आणि बाळंतविड्यातल्या टोपड्यांच्या लेस विणलेल्या आहेत. रविवारी मी तिला कागदाची झेरॉक्स आणि थोडा दोरा नेऊन दिला, आणि आम्ही आपापल्या घरी एकाच नमुन्याचा एक एक चौकोन विणायचा असे ठरवले. बुधवारी ती माझ्याकडे आली आणि दोन्ही चौकोन आम्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. माझा १३ सेंटीमीटरचा झाला होता, मऊ आणि जाळीदार. तिचा जेमतेम ८ सेंटीमीटरचा, पापडासारखा ताठ, आणि प्रत्येक फेरी जिथे सुरू होते तिथे एक एक उंचवटा आलेला.

‘‘हे काय गं, तुझा एवढा मोठा कसा झाला?’’ तिने विचारले.

‘‘आत्ती, तू सगळीकडे मुके खांब घातलेस की.’’

‘‘मग कागदावर तेच लिहिलंय की. डबल क्रोशे म्हणजे मुका खांब.’’ एवढे म्हणून तिने चष्मा पुसला आणि कागद पुन्हा वाचला. ‘‘पण मुक्या खांबाला सुरुवातीला तीन साखळ्या कशाला लागतील?’’

तिचा प्रश्न बिनतोड होता, आणि सगळ्या गोंधळाची किल्ली त्यातच होती. इंग्रजीत क्रोशाच्या दोन परिभाषा आहेत, एक अमेरिकन आणि दुसरी ब्रिटिश, आणि त्या दोन्हींत तेच शब्द वेगवेगळ्या टाक्यांना वापरले जातात. सुई टाक्यात घालून दोरा ओढायचा आणि सुईवरचे दोन्ही फास एकदम सोडायचे, या सर्वांत ठेंगण्या टाक्याला आपण मुका खांब म्हणतो. अमेरिकेत तो सिंगल क्रोशे आणि ब्रिटनमध्ये डबल क्रोशे. आधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन मग जो उंच टाका होतो त्याला आपण खांब म्हणतो. तो अमेरिकेत डबल क्रोशे आणि ब्रिटनमध्ये ट्रेबल. संचातल्या कागदावर ठिकठिकाणी नुसते ‘डीसी’ (डबल क्रोशे) असे लिहिले आहे आणि परिभाषा कोणती हे चार पानांत एकदाही सांगितलेले नाही. मी हल्लीच्या चित्रफिती पाहणारी असल्यामुळे तो अमेरिकन शब्द गृहीत धरला आणि बचावले. आत्ती ब्रिटिश पुस्तकांवर वाढलेली असल्यामुळे तिने कागद अक्षरशः पाळला आणि फसली. तीन साखळ्यांची उंची खांबाएवढी असते, मुक्या खांबाला एक साखळी पुरते. म्हणूनच तिच्या चौकोनात प्रत्येक फेरीच्या आरंभी तीन साखळ्यांचा तो उंचवटा आला होता. कागदावर तीन साखळ्या म्हणजेच पहिला डीसी असे धरायला सांगितले आहे, त्यावरून परिभाषा अमेरिकन असल्याचा निष्कर्ष काढता येतो हे खरे, पण हा निष्कर्ष चौऱ्याहत्तर वर्षांच्या मुरलेल्या विणकरणीलाही चौकोन संपल्यावर निघाला. नवशिकी मुलगी ‘मला जमत नाही’ म्हणून संच माळ्यावर टाकून देईल.

मला यात अधिक खटकले ते असे, की ‘साखळी’, ‘मुका खांब’, ‘अर्धा खांब’, ‘खांब’ हे मराठी शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत आणि त्यांच्यात हा घोळ मुळीच नाही. खांब दिसतो खांबासारखा, मुका खांब दिसतो मान आत घातलेला. पार्सल कोल्हापूरला पाठवणाऱ्याने एक पान मराठीत छापले असते तर आमचे चार दिवस वाचले असते. तेही जमत नसेल, तर नमुन्याचा आराखडा चिन्हांत काढून द्यायचा: साखळीला लंबगोल, मुक्या खांबाला फुली, खांबाला आडवी काठी असलेली उभी रेघ आणि त्या रेघेवर वेढ्याची एक तिरकी खूण. ही चिन्हे कोणत्याही भाषेच्या माणसाला कळतात आणि ती नमुन्यांत सर्रास छापली जातात. चित्रफितीचाही फारसा आधार मिळत नाही, कारण दाखवणाऱ्याचा अंगठा नेमका सुईच्या टोकावर येतो आणि सर्वांत अवघड तिसरी फेरी भरधाव वेगाने पळवलेली आहे.

ती तिसरी फेरी अवघड का, हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. या नमुन्यात पिवळ्या दोऱ्याच्या सरकत्या गोलात (ओढून घट्ट करता येणाऱ्या फासात) सोळा खांब घालून फुलाचा मध्य करायचा, मग लाल दोऱ्याने दर दोन खांबांवर एक याप्रमाणे आठ पाकळ्या काढायच्या. इथपर्यंत हाती येते ते गोल फूल. गोलाचा चौकोन करण्याची करामत तिसऱ्या फेरीत असते: पाकळ्या पुढे वाकवून त्यांच्या पाठीमागे, मध्यातल्या खांबांच्या मानेला अडकवत, तीन तीन साखळ्यांचे आठ फास करायचे. हे फास पुढून दिसत नाहीत, पण पुढचे सगळे बांधकाम त्यांच्यावर उभे राहते. हिरव्या फेरीत एका फासात तीन खांब आणि त्यापुढच्या फासात तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब, असे आलटून पालटून घातले की आठांपैकी चार फासांचे कोपरे होतात आणि चौकोन आपोआप उभा राहतो. फास ओढून घट्ट केले तर पाकळ्या उभ्या राहून फूल कोबीच्या गड्ड्यासारखे दिसते, आणि सैल राहिले तर फुलाच्या मागे भोक पडते. पहिले दोन चौकोन मी याच कारणाने उसवले. तिसऱ्याच्या वेळी तीन साखळ्या घालून झाल्यावर फास बोटाने पाकळीच्या मागे आडवा धरून पाहिला. पाकळीच्या रुंदीइतका भरला तर ठीक, असे माप ठेवले, आणि तेव्हापासून एकही फूल बिघडले नाही. ही एक ओळ कागदावर हवी होती.

लाल आणि गुलाबी फुलांचे नमुने असे आठ पाकळ्यांचे आहेत आणि उत्तम आहेत. जांभळ्या फुलाला मात्र बारा खांबांचा मध्य आणि सहा पाकळ्या दिल्या असून, पुढे ‘हिरव्या फेरीपासून आधीप्रमाणेच’ एवढेच लिहून हात झटकले आहेत. सहा फासांत आलटून पालटून कोपरे घातले तर कोपरे किती होतील याचा हिशेब करायला कागदकर्त्याला उसंत मिळाली नसावी. तीन होतात. माझ्या हातात एक सुबक त्रिकोण आला. यावर तोड आत्तीनेच काढली: पाकळ्यांचा हिशेब सोडून द्यायचा आणि मध्याच्या बारा खांबांपैकी दर तिसऱ्या खांबाच्या मानेला अडकवत पाच पाच साखळ्यांचे चारच फास करायचे. मग प्रत्येक फास हाच एक कोपरा. पाकळ्या सहा आणि फास चार असल्यामुळे मागून पाहिले तर दोहोंचा मेळ बसत नाही, पण पुढून कोणाला कळत नाही. अशा चौकोनाची बाजू एका खांबगटाने आखूड होते, म्हणून मोतिया रंगाची एक फेरी जास्त घालावी लागते.

आता दोऱ्याच्या वजनाकडे वळते, कारण तिथे फसगत झाली असे मी स्पष्ट म्हणेन. ग्रॅनी स्क्वेअरचा सर्वांत जुना ज्ञात छापील नमुना १८८५ सालचा, अमेरिकेतल्या एका शेतकी नियतकालिकातला मानला जातो, आणि उरल्यासुरल्या लोकरीचे तुकडे सत्कारणी लावणे ही या चौकोनाची जन्मकथा आहे. तुकड्यांतून जन्मलेल्या वस्तूचा संच विकत घ्यायचा, तर निदान दोरा तरी मोजून मिळावा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी मोजले: आठ पाकळ्यांच्या एका चौकोनाला मोतिया दोरा १० ग्रॅम लागतो. बारा चौकोनांना १२० ग्रॅम, आणि ते जोडायला लागणारा दोरा वेगळा. संचात आहे १०० ग्रॅम. दहाव्या चौकोनाच्या शेवटच्या फेरीच्या तोंडावर गुंडी संपली. जांभळ्या फुलांना मी एक फेरी जास्त घातली होती हे मान्य, पण ती वजा केली तरी बारा चौकोनांचा हिशेब जमत नाही. उलट लाल, गुलाबी आणि जांभळ्याच्या गुंड्या प्रत्येकी तिसरा हिस्सा उरल्या.

तोच मोतिया दोरा पुन्हा मिळवावा म्हणून गुंडीवरची पट्टी शोधली तर पट्टीच नव्हती. दोरा रंगवताना प्रत्येक घाणा किंचित वेगळा उतरतो, म्हणून चांगल्या गुंडीवर रंगाच्या क्रमांकाबरोबर घाण्याचाही क्रमांक छापलेला असतो आणि विणकाम करणाऱ्या बायका एका वस्तूसाठी एकाच घाण्याच्या गुंड्या घेतात. संचातल्या गुंड्या नुसत्या प्लास्टिकच्या पिशव्यांत आल्या होत्या.

शेवटी महाद्वार रोडच्या बाजूच्या एका बोळातल्या लोकरीच्या लहानशा दुकानात गेले. दुकानदारांनी माझा चौकोन हातात घेतला, ट्यूबलाइटखाली सात-आठ मोतिया छटा काढून ठेवल्या, आणि मी एक निवडल्यावर म्हणाले, ‘‘आत्ताच घेऊ नका ताई, बाहेर पायरीवर जाऊन उजेडात धरून बघा.’’ पायरीवर आल्यावर कळले, मी निवडलेली छटा दुधासारखी पांढरी दिसत होती आणि चौकोन सायीसारखा पिवळसर. दुसरी एक जवळची मिळाली, तरी अगदी तीच नव्हती. त्यावर त्यांनीच सुचवले, की दोनच चौकोन नव्या दोऱ्याने केले तर ठिगळासारखे उठून दिसतील. त्यापेक्षा सगळ्याच चौकोनांची बाहेरची फेरी नव्या छटेची करा. ५० ग्रॅमच्या दोन गुंड्या १५० रुपयांना घेतल्या. घरी येऊन नऊ चौकोनांची शेवटची फेरी उसवली, त्या उसवलेल्या दोऱ्यातून उरलेल्या चौकोनांच्या आतल्या फेऱ्या झाल्या, आणि नव्या दोऱ्याने बाराही चौकोनांना कडा घातल्या व ते एकमेकांना जोडले. आता आत साय आणि बाहेर किंचित फिकट चौकट अशी रंगसंगती दिसते, आणि बघणाऱ्याला ती ठरवून केलेली वाटते. या सल्ल्याचे पैसे त्यांनी लावले नाहीत, म्हणून निदान इथे नोंद करते.

शेपट्यांबद्दल, म्हणजे दोऱ्याच्या सुट्या टोकांबद्दल, थोडक्यात. चार रंग म्हणजे एका चौकोनाला आठ शेपट्या, बारा चौकोनांना शहाण्णव, आणि त्या सगळ्या बोथट सुईने आत लपवाव्या लागतात. कागदावर ‘शेपट्या कापा’ असे आहे. तसे करू नये. निदान बोटभर दोरा ठेवून तो त्याच रंगाच्या टाक्यांतून एकदा पुढे, एकदा मागे आणि पुन्हा पुढे ओवावा, नाहीतर पहिल्याच धुण्यात मध्याचा गोल उकलतो. संचातली बोथट सुई या कामाला छान आहे. प्लास्टिकच्या पिनांपैकी एक पहिल्याच दिवशी मोडली. मी तिच्या जागी सेफ्टी पिन लावली आणि पुढे तीच बरी वाटली.

लाल दोऱ्याचा रंग जातो का, हे कागद सांगत नाही. मी ओल्या पांढऱ्या सुती रुमालात लाल दोऱ्याची लहानशी लड दाबून रात्रभर ठेवली आणि सकाळी रुमालावर गुलाबी डाग होता. लाल फूल मोतिया चौकटीत बसवून विकणाऱ्याने ही चाचणी करायलाच हवी होती. तेव्हापासून विणलेला रुमाल गरम पाण्यात घालायचा नाही आणि भिजत ठेवायचा नाही असा नियम केला आहे; गार पाण्यातून पटकन काढून टॉवेलमध्ये गुंडाळून दाबला तर आजवर डाग पडलेला नाही.

चौकोन विणून झाला की तो थोडा वाकडा असतोच, विशेषतः सगळ्या फेऱ्या एकाच दिशेने विणल्या तर तो घड्याळाच्या काट्यासारखा कलतो. दर फेरीला काम उलटून घेतले तर हा कल बराच कमी होतो. तरीही ओला करून, कोपरे टाचणीने ताणून वाळवणे आवश्यक असते, आणि या कामाचा कागदावर उल्लेखच नाही. मी योगासनाच्या जुन्या चटईवर १३ सेंटीमीटरचे चौकोन पेनने आखले आणि एका वेळी चार चार ताणून बसवले. कोल्हापुरात आषाढ-श्रावणात दोरीवरचे पंचेसुद्धा दोन दोन दिवस ओलसर राहतात, त्यामुळे पंख्याखाली प्रत्येक खेपेला पुरते दोन दिवस गेले. उतावळेपणाने इस्त्री टेकवू नये. या दोऱ्यात ॲक्रिलिक असल्यामुळे तापलेली इस्त्री लागली की टाके चपटे होऊन चकाकतात आणि पुन्हा कधीच उठत नाहीत. वाफ द्यायचीच तर इस्त्री वीतभर वर धरावी.

पाचपैकी गुण द्यायचे तर सुईला पाच, दोऱ्याला तीन, दोऱ्याच्या मापाला एक, आणि कागदाला तोही देववत नाही. ज्यांना खांब आणि मुका खांब डोळे मिटून घालता येतात, त्यांना फुलाच्या पाठीमागच्या फासांची युक्ती शिकण्यासाठी हा संच उपयोगी पडेल, पण ८४९ रुपयांना तो महाग आहे. अगदी नव्याने शिकणाऱ्या कोल्हापूरकरांनी ४ मिलिमीटरची सुई आणि घट्ट पिळाच्या दोऱ्याच्या तीन गुंड्या इथल्याच दुकानातून, उजेडात पाहून घ्याव्यात, आणि पहिले फूल कोणा जाणत्या बाईच्या शेजारी बसून विणावे.

विक्रेत्याला मी त्रिकोणाच्या छायाचित्रासह सविस्तर लिहिले होते. आठवड्याने उत्तर आले, की नमुना अमेरिकन परिभाषेत आहे आणि पाकीट उघडलेले असल्यामुळे संच परत घेता येणार नाही. त्रिकोणाबद्दल अवाक्षर नव्हते. आत्तीच्या सांगण्यावरून मग मी तिन्ही फुलांचा नमुना मराठीत उतरवून काढला; तो फुलस्केपच्या एका बाजूत मावला, आणि सहा पाकळ्यांची दुरुस्ती तेवढी पाठीमागे लिहावी लागली.